हातभर जागा

जरा पुढे सरकून बसा. बाहेर पाऊस वाजतोय आणि ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका माणसाची आहे. तो चांगला होता असं मी म्हणणार नाही. पण वाईट म्हणून त्याला दाराबाहेर उभं ठेवून तुम्ही ऐकणार असाल, तर तेही मला चालायचं नाही. देवाने त्यालाही तुमच्या-माझ्यासारखेच दोन हात दिले होते, आणि गोष्ट त्या हातांचीच आहे. तेव्हा त्यालाही आत घ्या. ओला आहे, कोपऱ्यात बसेल. आणि ऐका.

झालं एवढंच, की शहरातल्या एका औषधाच्या दुकानात त्याने हात वर केला. बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या, भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडे बदलत होते, आपला नंबर लागला हे दाखवायला त्याने उजवा हात उचलला, आणि शेजारी उभी असलेली बायको खाली वाकली. मान खांद्यांत गेली, डावं कोपर कानावर आलं, डोळे मिटले. मग ती सरळ झाली आणि कपाळावरचे केस मागे सारू लागली, जणू त्यासाठीच वाकली होती. काउंटरमागच्या बाईने गोळ्यांची पट्टी कापता कापता पाहिलं; आधी तिच्याकडे, मग त्याच्या अजून हवेतच राहिलेल्या हाताकडे. "मान आखडलीय हो," बायको त्या बाईला म्हणाली, "पंख्याखाली झोपले." बाईने पट्टी पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्यापुढे न धरता बायकोपुढे धरली. अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत त्याने तिला बोटही लावलं नव्हतं, आणि या अकरा वर्षांवर तो मनातल्या मनात एखाद्या बांधलेल्या घरावर असावा तसा खूश होता. मग ती वाकली कुणाला? त्या दुकानात त्याच्याशिवाय आणखी कोण उभं होतं?

एकतीस वर्षं तो बंदरावर क्रेन चालवत होता. खालची माणसं त्याला उस्ताद म्हणत. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून काचेच्या केबिनमध्ये बसलं, की माणूस तसा आंधळाच असतो. जहाजाच्या पोटात काय चाललंय ते वरून दिसत नाही. खाली उभा असलेला माणूस हाताने दाखवतो, तसं वर-खाली करायचं. आणि त्या कामाला एक नियम होता, जो त्याने पहिल्या दिवशी ऐकला आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळला: उचल म्हणायचा अधिकार एकाच माणसाला, पण थांब कुणीही म्हणावं. हात आडवा, तळवा खाली. झाडूवाल्याने दाखवला तरी थांबायचं, चुकून दाखवला तरी थांबायचं, आधी थांबायचं आणि मग विचारायचं. धुकं आलं आणि खालचा माणूस दिसेनासा झाला, तरीही थांबायचं. त्याच्या हातून एकतीस वर्षांत एक बोट चिरडलं नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, असा हात पुन्हा व्हायचा नाही. बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या का, हे त्याला पुष्कळ आठवूनही आठवत नाही.

बेटावर फिरायला जायची कल्पना त्याचीच. समुद्रात उभा राहिलेला डोंगर, त्याला कंबरपट्ट्यासारखा एकच रस्ता, आणि भाड्याने मिळणारी कॅरव्हॅन, चाकांवरचं घर. घाई नाही, गर्दी नाही, आठ दिवसांत एक फेरी. कुणी बघणारं नसलं, की ती वाकायची थांबेल, असा काहीतरी त्याचा हिशोब होता. मुलीचा फोन आला तेव्हा तो शेजारच्या खोलीत बुटांना पॉलिश करत होता, आणि बायकोला ऐकू कमी येत असल्याने फोन मोठ्या आवाजावर होता.

"आठ दिवस? त्या डब्यात? त्यांच्याबरोबर?"

"अगं, ओटा आहे त्यात. पलंग आहे. खिडक्यांना जाळ्यासुद्धा आहेत."

"दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघून ठेव."

बायको हसली. मग हळू आवाजात, पण त्याने ऐकू नये इतक्या हळू नव्हे, म्हणाली, "तुझ्याकडची ती खोली मोकळी ठेव. फेरी पुरी झाली की सांगते, यायचं का नाही." त्याने दुसरा बूट घेतला. पहिला बिनपॉलिशचाच राहिला होता, हे त्याला बेटावर पोहोचल्यावर कळलं.

पाऊस धक्क्यावर उतरल्यापासून होता. तो पडत नव्हता, मारत होता. टपावर मुठी, काचेवर चपराका, आणि डोंगराच्या अंगावरून पांढरे ओहोळ असे धावत येत, जणू वर कुणाची तरी कातडी फाटली आहे. खाली समुद्र काळ्या खडकावर आपटे, मागे सरके, पुन्हा आपटे. दम लागून थांबेल असं वाटावं आणि थांबू नये. काच खाली करून तो आवाज ऐकताना त्याच्या खांद्यात एक जुनी ओळखीची ऊब यायची, आणि ती ओळखीची आहे हे लक्षात आलं, की तो काच वर करायचा. कॅरव्हॅनमध्ये सगळं डोक्यावर होतं. कप डोक्यावर, साखर डोक्यावर, पांघरुणं, टॉवेल, तिच्या गोळ्या. प्रत्येक गोष्टीसाठी हात वर करावा लागे आणि दोघांच्यामध्ये हातभराचं अंतर. पहिल्या दिवशी ती सात वेळा वाकली. दुसऱ्या दिवशी त्याने हात वर करण्याआधी सांगायला सुरुवात केली: "साखर काढतोय हं." "पांघरूण घेतोय." ती म्हणायची, "घ्या की," आणि वाकायची. तिचं मन बिचारं त्याच्याशी बोलत होतं. मान ऐकत नव्हती. मानेला कुणी सांगितलंच नव्हतं, की अकरा वर्षं झाली.

रस्ता एकाच गाडीपुरता. मध्ये मध्ये डोंगर कोरून रुंद जागा केलेल्या, आणि समोरून गाडी आली की ज्याच्या मागे अशी जागा जवळ, त्याने मागे जायचं. मागची खिडकी ओट्याआड गेलेली, आरसे पावसाने आंधळे. म्हणून दर वेळी बायको रेनकोट घालून खाली उतरे आणि मागे उभी राही. "येऊ द्या," तिचा आवाज यायचा, "येऊ द्या... येऊ द्या..." आणि मग पत्र्यावर दोन थापा, तळव्याच्या. धप, धप. तो थांबायचा. इतकं बरोबर, इतकं हलकं, की त्याला केबिनची आठवण यायची. दुसऱ्या दिवशी एका अवघड वळणावर तिने त्याला दरडीला बरोबर हातभर जागा ठेवून उभं केलं. आत आल्यावर तिच्या ओल्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, जे त्याने लग्नाच्या पहिल्या महिन्यात पाहिलं होतं आणि मग पाहिलं नव्हतं. "थांबता तुम्ही लगेच," ती म्हणाली. त्यानंतर गरज नसतानाही ती उतरू लागली. "इथे नको, जरा मागे घ्या, समुद्र नीट दिसेल." तो घ्यायचा. "अजून थोडं. येऊ द्या." धप, धप. चहा प्यायला एवढी खटपट कशाला, असं तो म्हणाला नाही. तिला काय मिळत होतं ते त्याला अर्धवट कळत होतं, आणि अर्धवटच कळावं असं वाटत होतं.

"नुसतं बस म्हण ना," तिसऱ्या दिवशी तो म्हणाला. "हात लाल झालेत थापा मारून."

"असू दे."

"अगं, ऐकू येतं मला. काच उघडी असते. बस म्हटलं की झालं."

ती कप विसळत होती. "नाही येत तोंडात," ती म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडात येत नाही. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मागची वर्षं उलट्या गाडीसारखी हळूहळू मागे घेतली. जेवताना ती 'पुरे' म्हणते. पाहुण्यांनी वाढलं तर 'राहू द्या' म्हणते. मुलगी लहानपणी चावट वागली तर 'आता शहाण्यासारखं वाग' म्हणायची. दारात दूध ओतणाऱ्यापुढे ती भांडं बाजूला घ्यायची, पण तो शब्द नाही. मागे, आणखी मागे, आणि मग चाकाखाली काहीतरी आलं. लग्नाला तीन महिने. कपाटाची किल्ली सापडत नव्हती, तो ओरडत होता, खूप वेळ ओरडत होता, आणि ती म्हणाली: "बस." तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं; या, बसा, घ्या, जेवा, सगळ्याला मान जोडलेला. आणि हा शब्द असा, ज्याला मान जोडताच येत नाही. पुरे या अर्थाने म्हणावा, तरी कानाला तो हुकूम लागतो. "बस? मला बस म्हणतेस? कुत्र्याला म्हणतात तसं?" ती घाईने म्हणत होती, "अहो, तसं नाही, पुरे अशा अर्थी..." आणि त्याचा उजवा हात, तो पुन्हा न होणारा हात, उघडा नव्हता. कपाटाच्या कडेवर तिचं तोंड आपटलं. समोरचा दात फरशीवर गेला आणि पांढऱ्या फरशीवर तो कितीतरी वेळ त्यांना दोघांना सापडला नाही, रक्त दिसलं, दात दिसेना. दोघं गुडघ्यांवर बसून शोधत होती, आणि त्या शोधण्यात ती त्याला सॉरी म्हणाली.

त्यानंतर पट्टा होता, दाराची फट होती, एकदा गरम तवा होता. कारणं त्याला आता आठवत नाहीत. तिचा आवाज आठवायला तो गेला, तर तिथे आवाजच नाही. पट्ट्याचा आहे, भांड्यांचा आहे, त्याच्या स्वतःच्या धापांचा आहे. ती गप्प. तेव्हा त्या गप्प बसण्याचाच त्याला राग यायचा, हिला काही लागतच नाही की काय म्हणून तो आणखी मारायचा. आणि शेवटची संध्याकाळ: ती ओट्याखाली कोपऱ्यात, पट्टा वर गेलेला, आणि दारात सोळा वर्षांची मुलगी, पाठीवर दप्तर. ती ओरडली नाही. तिने हात आडवा धरला, तळवा खाली. पाच वर्षांची असताना त्यानेच तिला तो खेळ शिकवला होता. ती खालून खुणा करायची आणि तो गॅलरीतून दोरीने खेळण्यांची टोपली वर ओढायचा. पट्टा हवेत थांबला. खांद्याला विचारावंच लागलं नाही. क्रेनच्या रिकाम्या आकड्यासारखा पट्टा लोंबत राहिला, आणि पुन्हा कधी उठला नाही. आपण थांबलो, हेच त्याने अकरा वर्षं लक्षात ठेवलं. आज या पावसात त्याला पहिल्यांदा दिसलं, की खाली कोपऱ्यातून बायको त्याच्याकडे बघतच नव्हती. ती मुलीच्या हाताकडे बघत होती, टक लावून. इतकं सोपं होतं तर, अशा नजरेने.

हे सगळं दिसल्यावर माणूस मऊ व्हावा, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. पण लाज पुष्कळदा रागाचेच कपडे घालून बाहेर येते. चौथ्या दिवशी सकाळी ती दोन्ही हातांनी उकळत्या पाण्याचं पातेलं उचलत होती, त्याने साखरेसाठी हात वर केला, सांगायचं विसरला, आणि ती वाकली. "मारलंय का मी?" तो म्हणाला. आवाज छोट्या जागेत मावेना. "अकरा वर्षांत एकदा तरी? काय सारखं वाकायचं? काय दाखवतेस मला?" आणि मूठ गेली. ती तिच्या कानापासून हातभर अंतरावर कप्प्याच्या दारात गेली, दार फुटलं, साखर दोघांच्या डोक्यांवर पडली, आणि पातेलं तिच्या तळव्यांवर कलंडलं. ती ओरडली नाही. तिने फक्त हात पुढे धरले, एखाद्याला काही देत असावी तसे, आणि कातडी तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत, फुगून आली. त्याने नळ सोडला, मलम लावलं, पट्ट्या गुंडाळल्या. त्याचे हात हे सगळं फार सफाईने करत होते, कारण हेही त्यांनी पूर्वी केलेलं होतं. मग तो बाहेर गेला आणि कॅरव्हॅनच्या दाराच्या फटीत डाव्या हाताची बोटं घालून उजव्या हाताने दार ओढू लागला.

"नाटकं नकोत," आतून ती म्हणाली. "गाडी कोण चालवणार?"

दोन दिवस ते चालत राहिले. आठांतले सहा झाले होते. धक्का आता डोंगराच्या पलीकडेच होता, एका लांब वळणावर. ती खिडकीतून बाहेर बघत हळूच देवाचं नाव घ्यायची, चाल लावून, तिच्या आईची चाल. ते म्हणताना तिचे पट्ट्यांतले हात मांडीवर उलटे पडलेले असत. एका जागी रस्त्याच्या कडेला मेंढी मेलेली होती, वरून आलेल्या दगडाने कंबरेतून चेपलेली, तोंड शाबूत आणि डोळे उघडे. तिने त्याला गाडी थांबवू दिली नाही. पुढच्या वळणाआधी डोंगर बोलला. आधी खडखड, मग वर कुणीतरी प्रचंड फडकं फाडावं तसा आवाज, आणि समोरचा रस्ता होता तिथे लाल चिखल, झाडं मुळांसकट, टेबलाएवढे धोंडे, सगळं उसळत समुद्रात जात होतं. एक दगड टपावर आदळला आणि पत्रा आत आला. एक काचेच्या कोपऱ्यात बसला. इंजिन बंद पडलं. ते संपलं तेव्हा पुढे रस्ता नव्हता, वरून अजून खडे येत होते, आणि मागे तीनशे पावलांवर रुंद जागा.

"मी उतरते," ती म्हणाली.

"थापा कशा मारशील?"

तिने पट्ट्यांकडे पाहिलं. "बघू," म्हणाली, आणि कोपराने दार ढकललं.

त्याने इंजिन पुन्हा चालू केलं आणि काच पूर्ण खाली केली. पाऊस आत, मांडीवर. "येऊ द्या," आवाज आला. गाडी मागे सरकली. डावीकडे दरड, उजवीकडे काही नाही. धुकं आणि त्याखाली तो आपटणारा समुद्र. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे... येऊ द्या." त्याचे हात तिच्या आवाजात होते. शंभर पावलं. दोनशे. समोर, जिथे आत्ता ते उभे होते, तिथे एक धोंडा येऊन बसला. "येऊ द्या." चाकांखालचा आवाज बदलला, डांबर संपून खडी आली, रुंद जागा आली होती. ती फार रुंद नव्हती, हे येताना त्याने पाहिलं होतं, आणि तिला समुद्राकडे कठडा नव्हता, हेही. "येऊ द्या," ती म्हणाली, आणि मग काही म्हणाली नाही.

पाऊस. चाक फिरत होतं, अगदी हळू, वीतभर, आणखी वीतभर. आता ती म्हणेल, त्याला वाटलं. आता तिला म्हणावंच लागेल, थापा नाहीत, दुसरा शब्द नाही. नाहीतर दोघांचं घर खाली जाईल आणि तिच्या डोळ्यांसमोर जाईल. आणि ब्रेकवर पाय न ठेवता तो वाट बघत राहिला, आणि त्या वाट बघण्यात त्याला ती जुनी ऊब लागली, खांद्यात. बोल. बोल ना. बोलतेस की नाही? आणि त्या क्षणी, ज्याने तुमच्या-माझ्या छातीत श्वास ठेवलाय त्यानेच दाखवावं तसं त्याला लख्ख दिसलं, की तो पट्टा आत्ताही हवेत आहे. तो तिच्याकडून काहीतरी पुन्हा मारूनच काढून घेतोय. धुक्यात खालचा माणूस दिसेनासा झाला तर काय करायचं, हे त्याला एकतीस वर्षं ठाऊक होतं. तेवीस वर्षं ती कोपऱ्यात गप्प होती, आणि तिची खूण तुटली आहे म्हणून त्याने आणखी वजन सोडलं होतं. त्याचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून.

ती खिडकीशी आली. ओठ निळे पडले होते.

"अजून हातभर जागा होती," ती म्हणाली.

"तुझा आवाज थांबला."

"हो."

"म्हणून थांबलो."

तिने मागे वळून ती हातभर जागा पाहिली, मग त्याला पाहिलं. "तेच बघत होते," ती म्हणाली. मग तशीच पावसात उभी राहून, पट्ट्यांतून पाणी गळत असताना, तिने तिथेच सांगितलं, फेरी पुरी न होताच, कारण पुढे रस्ताच नव्हता आणि आलो तसंच परत जायचं होतं. "मी लेकीकडे जाणार आहे. राग म्हणून नाही. माझ्या मानेला थोडे दिवस हवेत, वर काही नसलेले." तो हो म्हणाला. काच वर करायला त्याने हात उचलला. ती वाकली. दोघांनीही ते पाहिलं, आणि या वेळी ती मानेबद्दल काही बोलली नाही.

परतीला त्यांना चार दिवस लागले. हात वर करायच्या सगळ्या वस्तू त्याने खाली जमिनीवर काढून ठेवल्या होत्या. दोघं त्या ओलांडत चालायची. धक्क्यावर आईच्या फोनवरून आलेली मुलगी उभी होती, छत्री घेऊन, आणि आईच्या पट्ट्या पाहून तिचा चेहरा जसा झाला तो त्याने मान खाली न घालता पाहिला. "मीच," तो म्हणाला. मुलीने आईची बॅग उचलली आणि दोघी चालू लागल्या. भाड्याची गाडी आवारात मागच्या भिंतीला लावून द्यायची होती. तो चढला, काच खाली केली, आणि मागे घेऊ लागला. मागे कुणी नव्हतं. आरशात पाऊस. भिंत कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं, अंदाजाने घेत होता, हळू, आणखी हळू.

"बस."

तो थांबला. आवाज बायकोचा होता; मोठा नव्हता, घाबरलेला नव्हता, त्याला मान जोडलेला नव्हता. एकच शब्द, पुरे या अर्थाने. त्याने गाडीतून उतरून मागे जाऊन पाहिलं तेव्हा भिंतीला हातभर जागा होती, आणि दोघी छत्रीखाली फाटकाबाहेर पडत होत्या. त्याने हाक मारली नाही. त्याने हात वर केला नाही. तो तिथेच ओल्या आवारात, कुणी सांगितल्यासारखा, गाडीच्या पायरीवर बसला.

आता उठायच्या आधी एक मागणं आहे, बाबांनो, बायांनो. त्याला विसरलात तरी चालेल. त्याची आठवण ठेवणारा वर बसलेला आहे. पण घरात बोलता बोलता कुणी गप्प झालं, तर त्या बाईची आठवण ठेवा, पावसात उभी असलेली, दोन्ही तळवे पट्ट्यांत. तिची आठवण ठेवा, आणि जिथे असाल तिथे थांबा.